शर्मिष्ठेतला ताजा स्फोट

गोव्यात डिचोलीजवळच्या नार्वे गावात सप्तकोटेश्वराच्या देवळाचा शिवाजी महाराजांनी जीर्णोद्धार केला, तो १६६८ साली. त्यानंतर फार तर बारा-पंधरा वर्षांत शर्मिष्ठा तारकासमूहातल्या एका महाकाय ताऱ्याच्या स्फोटाचा प्रकाश पृथ्वीवर पोहोचला. प्रत्यक्ष स्फोट त्याच्याही अकरा हजार वर्षे आधीचा, कारण त्याचे अंतरच सुमारे अकरा हजार प्रकाशवर्षे आहे. तो पाहिल्याची खात्रीशीर नोंद मात्र कुठेच नाही. इंग्लंडचा खगोलशास्त्रज्ञ फ्लॅमस्टीड याने १६८० साली तिथे एक मंद तारा नोंदवला होता, पण तो हाच का, यावर एकमत नाही. वाटेतल्या धुळीने बराचसा प्रकाश अडवला असावा. हा काळ काढला आहे तो उडालेल्या तुकड्यांचा वेग मोजून आणि उलटे गणित करून.

स्फोटातून उरलेल्या या अवशेषाला ‘कॅसिओपिया ए’ म्हणतात; कॅसिओपिया हे शर्मिष्ठेचेच पाश्चात्त्य नाव. डिसेंबरच्या सुरुवातीला रात्री आठच्या सुमारास सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या काळोख्या माळावरून उत्तरेकडे पाहिले, की क्षितिज आणि डोक्यावरचे आकाश यांच्या साधारण मधोमध शर्मिष्ठेचे पाच तारे दिसतात. अवशेष तिथेच आहे, पण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्यातला वायू कोट्यवधी अंश तापलेला आहे आणि इतका तापलेला वायू मुख्यतः क्ष-किरणांत उजळतो. हे किरण आपले वातावरण पूर्ण शोषून घेते. आभाळ कितीही निरभ्र असो, जमिनीवरून ते दिसणारच नाहीत. म्हणून दुर्बीण अवकाशात न्यावी लागते.

तिचा आरसाही निराळा लागतो. क्ष-किरण नेहमीच्या आरशावर सरळ आदळले तर परावर्तित न होता आत शिरतात. तळ्यात चपटा दगड आडवा फेकला की तो न बुडता टप्पे घेत जातो. तसेच हे किरण पृष्ठभागाला जवळजवळ घासून गेले तरच वळवता येतात. ‘चंद्रा’ दुर्बिणीत असे नळीच्या आकाराचे आरसे एकात एक बसवलेले आहेत. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे नाव दिलेली ही दुर्बीण जुलै १९९९ मध्ये अवकाशात गेली. तिच्या पहिल्याच जाहीर चित्रात या अवशेषाच्या मध्याजवळ एक बारीक ठिपका दिसला. फुटलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा, म्हणजे न्यूट्रॉन तारा, तो हाच!

मला सर्वांत विलक्षण वाटते ती लोखंडाची गोष्ट. लोह ताऱ्याच्या अगदी आतल्या भागात तयार होते, सिलिकॉन त्याच्या बाहेरच्या थरात. स्फोटानंतरही हाच क्रम राहायला हवा होता. पण आग्नेय बाजूला ‘चंद्रा’ला लोह सिलिकॉनच्याही बाहेर गेलेले दिसले. म्हणजे स्फोटात आतले द्रव्य उसळून थर ओलांडून गेले होते. ‘नूस्टार’ दुर्बिणीने टायटॅनियम-४४ चा नकाशा काढला, तोही वेडावाकडा, गुठळ्यांचा निघाला. या किरणोत्सारी अणूंना उजळायला तापावे लागत नाही, त्यामुळे अजून न तापलेला आतला भागही त्यांच्यामुळे दिसतो. त्यांचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ, सुमारे ६० वर्षे. मूळ साठ्यापैकी आज पन्नासातला एखादाच भाग उरला असेल. हजार वर्षांच्या अवशेषात त्यांचा मागमूसही सापडला नसता. तरुण अवशेषाचे मोल इथे कळते.

भारताचा ‘एक्सपोसॅट’ उपग्रह १ जानेवारी २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटला. त्यावरच्या ‘एक्सस्पेक्ट’ या उपकरणाने पहिली नजर टाकली ती याच अवशेषावर. मॅग्नेशियम, सिलिकॉन, गंधक, अरगॉन, कॅल्शियम आणि लोह यांच्या रेषा त्याच्या वर्णपटात स्पष्ट उमटल्या. हे उपकरण चित्र काढत नाही, ऊर्जेनुसार किरण मोजते.

चित्रांसाठी ‘चंद्रा’च हवी. अवशेषाची बाहेरची कड सेकंदाला सुमारे पाच हजार किलोमीटर वेगाने पुढे सरकते आहे. इतक्या दुरून ते सरकणे वर्षाला एका आर्कसेकंदाचा (अंशाच्या ३६००व्या भागाचा) जेमतेम तिसरा हिस्सा दिसते, पण ‘चंद्रा’ अर्ध्या आर्कसेकंदापर्यंतचे बारकावे टिपते. म्हणून दोन वर्षांच्या अंतराने घेतलेली चित्रे ताडून पाहिली तरी फरक कळतो. तिच्याइतकी तीक्ष्ण नजर असलेली दुसरी क्ष-किरण दुर्बीण आज अवकाशात नाही. २०२४ मध्ये तिच्या खर्चात मोठी कपात सुचवली गेली, तेव्हा जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांनी कडाडून विरोध केला. तो मला पूर्णपणे पटतो. ती बंद पडली, तर पाव शतकाहून अधिक काळ चाललेली ही चित्रमालिका तिथेच तुटेल.