पार्श्वभूमी : डिफ्रॅग आणि ६४ एमबीचा वाद

१९९३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या डॉस ६ या ऑपरेटिंग सिस्टिमसोबत डिफ्रॅग आलं, म्हणजे डिस्कवर विखुरलेले फाइलचे तुकडे सलग जोडणारं टूल, तेही बाहेरच्या कंपनीकडून परवान्याने घेतलेलं. तेव्हाच्या हार्ड डिस्क लहान, कायम काठोकाठ भरलेल्या, आणि फॅट या फाइली साठवण्याच्या तेव्हाच्या पद्धतीत फाइलचे तुकडे भराभर पडत. त्यामुळे डिफ्रॅगनंतरचा फरक सहज जाणवे. विंडोज ९५ मध्ये मध्येच एखाद्या प्रोग्रामने डिस्कवर काही लिहिलं की काम पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. म्हणून सगळं बंद करून रात्री डिफ्रॅग लावायचं, हे लोकांच्या अंगवळणी पडलं.

विंडोज एक्सपीपर्यंत फॅटच्या जागी एनटीएफएस ही पद्धत घरोघरी पोचली, रॅम वाढली, तरी सवय सुटली नाही. स्क्रीनवरच्या डिस्कच्या नकाशात तुकड्यांच्या लाल पट्ट्या निळ्या झाल्या की मशीन सुधारलं, असंच सगळे मानत.

२००७ च्या विंडोज व्हिस्टाने हा नकाशाच काढून टाकला. किती टक्के काम झालं तेही दिसेना. काही मिनिटं ते काही तास लागतील, एवढाच मजकूर. डिफ्रॅग आपोआप, दर बुधवारी रात्री एक वाजता. सर्वात जास्त वाद झाला तो ६४ एमबीपेक्षा मोठे तुकडे जोडायचेच नाहीत या नियमावरून. बाहेरची टूल्स त्याच ड्राइव्हवर शेकडो तुकडे दाखवत, आणि विंडोजचं डिफ्रॅग कुचकामी आहे असा बोभाटा झाला.

हिशेब मात्र मायक्रोसॉफ्टच्या बाजूने होता. ७२०० आरपीएमच्या (मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणाऱ्या) ड्राइव्हचं वाचणारं हेड नव्या जागी जाऊन हवा तो सेक्टर खाली येईपर्यंत सरासरी १३ मिलिसेकंद जातात. ६४ एमबी वाचायला तेव्हा साधारण एक सेकंद लागे. म्हणजे एका उडीचा तोटा दीड टक्क्याच्याही आत, आणि तेवढ्यासाठी कित्येक जीबी इकडून तिकडे हलवायचे. डिफ्रॅगचा खरा फायदा बारीक तुकड्यांत विखुरलेल्या फाइलींना होतो. चूक झाली ती हे वापरणाऱ्याला न सांगण्यात. सगळे तुकडे जोडायचेच असतील तर कमांड लाइनवर -डब्ल्यू (-w) हा पर्याय होता, पण स्क्रीनवर त्याचा कुठे पत्ता नव्हता.

२००९ मध्ये विंडोज ७ ने टक्केवारी परत आणली आणि एसएसडीला, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या ड्राइव्हला, आपोआप होणाऱ्या डिफ्रॅगमधून वगळलं. एसएसडीत हलणारं हेडच नसतं, उलट प्रत्येक फेरलेखनाने तिची झीज होते. २०१२ च्या विंडोज ८ पासून डिफ्रॅगच्या खिडकीतलं एकच बटण एसएसडीला मुख्यतः ट्रिम (कुठली जागा आता मोकळी आहे हे सांगणारी सूचना) पाठवतं, हार्ड डिस्कवर डिफ्रॅग करतं.