शस्त्रपरवाना (मराठवाडा)

बंदूक, पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर कायदेशीरपणे बाळगण्यासाठी मिळणारी सरकारी परवानगी. शस्त्रे व दारूगोळा हा विषय राज्यघटनेच्या संघसूचीत (नोंद ५) असल्याने बंदुकीच्या खरेदी-विक्रीचा स्वतंत्र कायदा महाराष्ट्राला करता येत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ मराठवाड्यातही तसेच लागू आहेत. परवाना मात्र जिल्ह्यातच ठरतो. छत्रपती संभाजीनगर शहरात तो पोलीस आयुक्त देतात, अन्यत्र जिल्हाधिकारी. त्यामुळे कायदा दिल्लीचा असला तरी त्याचा अनुभव जिल्ह्यागणिक बदलतो.

अर्जदार किमान २१ वर्षांचा असावा लागतो आणि त्याच्याबद्दल पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो. कायद्याचे कलम १३ वाचले की तो कोणत्या काळात लिहिला गेला ते कळते. संरक्षणासाठी वा खेळासाठी किमान २० इंच लांबीच्या, आतून गुळगुळीत नळीची बंदूक आणि पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक यांचे परवाने देण्याकडे त्याचा कल आहे; इतर हत्यारांसाठी सबळ कारण दाखवावे लागते. रानडुकरे आणि रोही यांनी हैराण झालेल्या शेतकऱ्याला पीकरक्षणाची तरतूद जवळची वाटेल, पण परवाना हातात आला म्हणून जनावर मारता येत नाही. त्यासाठी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली वेगळी परवानगी लागते. आज मागणी असते ती कमरेला लावता येणाऱ्या पिस्तुलाची, आणि कारण बहुधा एकच दिले जाते: जिवाला धोका. हा धोका खरा किती आणि रुबाबाची हौस किती, हे ठरवणे कागदावरून अवघड असते.

बीड जिल्ह्यात हा प्रश्न उघडा पडला. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे (ता. केज) सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाल्यावर जिल्ह्यातील बाराशेहून अधिक परवाने चर्चेत आले आणि हवेत गोळीबार करणाऱ्यांच्या चित्रफिती फिरू लागल्या. त्यानंतर प्रशासनाने छाननी करून शंभराहून अधिक परवाने रद्द केले. कलम १७ खाली हा अधिकार आधीपासूनच होता. वापरायला एवढे निमित्त का लागावे, हा प्रश्न उरतोच.

२०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील बंदुकांची मर्यादा तीनवरून दोन झाली आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे. लग्नाच्या वरातीत किंवा मिरवणुकीत इतरांचा जीव धोक्यात घालून गोळ्या झाडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. स्वतःची बंदूक दुसऱ्या परवानाधारकाला विकायची तर जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते. बेकायदा गावठी कट्टे अर्थातच परवान्याच्या या चौकटीत येतच नाहीत. ते मध्य प्रदेशातील बडवानी-खरगोन पट्ट्यातून येतात असे तपासात वारंवार आढळते.

तलवारीसारखी धारदार हत्यारे कलम ४ मध्ये येतात. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याला परवान्याची ही अट असली तरी शेतीची अवजारे तिच्यातून वगळली आहेत, म्हणून ऊसतोड कामगाराच्या कोयत्याला परवाना लागत नाही. नांदेडला येणाऱ्या शीख भाविकांच्या किरपाणाला राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ चे संरक्षण आहे.

राज्याचा स्वतःचा हात दिसतो तो महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ मध्ये. सण, मोर्चे, निवडणुका आल्या की वर्तमानपत्रात ‘मनाई आदेश’ छापून येतो तो याच कलमाचा. त्याने बंदुकीबरोबर भाले, सुऱ्या आणि लाठ्याकाठ्याही घेऊन फिरण्यास बंदी येते, आणि याच कलमाखाली सभा-मिरवणुकांवर घातलेली बंदी राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. निवडणुकीच्या आचारसंहितेत याखेरीज परवानाधारकांची छाननी होते आणि ज्यांच्याबद्दल शंका असते त्यांच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करून घेतल्या जातात.