रेसमध्ये हेडफोन चालतात की नाही, हा वाद मुळात आला कुठून

रेसच्या आदल्या आठवड्यात हा प्रश्न हमखास निघतो, इयरफोन लावले तर चालतात का, मग एक जण म्हणतो सक्त मनाई आहे, दुसरा म्हणतो मी तर मागच्या वर्षी अख्खी हाफ मॅरेथॉन गाणी ऐकत पळालो, कोणी हटकलं पण नाही, आणि गंमत अशी की दोघंही खरंच बोलत असतात. कारण हा पहिल्यापासून एक नियम नव्हताच. दोन वेगवेगळ्या काळज्या एका दोरीत बांधल्या गेल्यात. एक, गाण्याने पळणाऱ्याला फायदा होतो. दुसरी, कानात बोळे असले की मागून काय येतंय ते कळत नाही. या दोन्हींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, आणि आपण भांडतो तेव्हा नेमकी हीच गल्लत करतो.

फायद्यावाली काळजी खूप जुनी आहे, आयपॉडच्या आधी नव्वद वर्षं तरी. लिओनार्ड एअर्स नावाच्या एका अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या सहा दिवस चालणाऱ्या सायकल शर्यतीचे आकडे छापले. तिथे मधूनमधून बँड वाजायचा. बँड चालू असताना सायकलवाल्यांचा वेग सरासरी ताशी १९.६ मैल आणि बंद असताना १७.९, म्हणजे आपल्या हिशोबात साधारण ३१.५ आणि २८.८ किलोमीटर. आता बँड वाजतो तेव्हा गर्दीही जास्त असणार, आरडाओरडा असणार, त्यामुळे सगळं श्रेय बँडला द्यावं असं मला वाटत नाही, पण फरक बऱ्यापैकी मोठा आहे. तरी बँडवर बंदी घाला असं कोणी म्हणालं नाही, कारण तो सगळ्यांसाठीच वाजत होता. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग १ जुलै १९७९ ला जपानमध्ये सोनीचा पहिला वॉकमन बाजारात आला आणि संगीत प्रत्येकाचं स्वतंत्र झालं. त्याचं टायमिंग बघा. १९७० मध्ये न्यूयॉर्क मॅरेथॉन पहिल्यांदा झाली तेव्हा सेंट्रल पार्कमध्येच फेऱ्या मारत १२७ जण पळाले आणि त्यातले ५५ पूर्ण करू शकले, बस. १९७२ मध्ये फ्रँक शॉर्टरने म्युनिक ऑलिंपिकची मॅरेथॉन जिंकली आणि अमेरिकेत पळण्याचं वेड लागलं, १९७६ ला न्यूयॉर्कची रेस पार्कमधून बाहेर पडून शहराच्या पाचही भागांतून जायला लागली, १९८१ मध्ये लंडन मॅरेथॉन सुरू झाली. म्हणजे साधी नोकरीधंदा करणारी माणसं हजारोंनी रस्त्यावर पळायला उतरली आणि नेमकं त्याच दोन-चार वर्षांत कमरेला लावून फिरता येईल असं गाण्याचं यंत्र हातात आलं. ही दोन्ही एकत्र येणार नाहीत तर काय होणार.

त्या पहिल्या वॉकमनमध्ये एक गोष्ट होती जी आज कोणाला आठवत नाही. त्याला हेडफोनची दोन भोकं होती आणि एक नारिंगी बटण होतं, ते दाबलं की गाण्याचा आवाज खाली यायचा आणि छोट्या माइकमधून शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं. सोनीच्या अकिओ मोरिता यांना वाटलं होतं की माणसाने चारचौघांत एकट्यानेच ऐकत बसणं असभ्य दिसेल. लोकांना असलं काही वाटलं नाही, आणि पुढच्या मॉडेल्समधून ते बटण गेलं. त्या वेळचे हेडफोन स्पंजचे, कानावर नुसते टेकणारे, त्यामुळे बाहेरचा आवाज बऱ्यापैकी आत यायचा, तरी लोक घाबरलेच. १९८२ मध्ये न्यू जर्सीमधल्या वुडब्रिज गावाने हेडफोन लावून रस्ता ओलांडायलाच बंदी केली, ५० डॉलर दंड किंवा १५ दिवस तुरुंग! हा नियम काही रेससाठी नव्हता, पण सुरक्षेवाली काळजी कागदावर उतरली ती अशी, रस्त्यावरच्या सगळ्याच लोकांसाठी.

फायद्यावाली काळजी कागदावर आली ती वेगळ्याच वाटेने. ॲथलेटिक्सच्या आंतरराष्ट्रीय नियमांत ‘असिस्टन्स’ नावाचं प्रकरण आहे, म्हणजे स्पर्धा चालू असताना बाहेरून मदत घ्यायची नाही. त्यात व्हिडिओ रेकॉर्डर, रेडिओ, सीडी, रेडिओ ट्रान्समीटर, मोबाइल आणि तत्सम वस्तू स्पर्धेच्या जागेत वापरणं सोडाच, जवळ बाळगणं पण मदतीतच धरलंय. यादी वाचली की कळतं की डोक्यात मुख्य भीती गाण्याची नव्हती, कोचने कानात सूचना देण्याची होती. समोरच्याचा लॅप किती सेकंदांचा गेला, आता जोर लाव, असं. सायकलिंगमध्ये टीमच्या रेडिओवरून अजूनही हेच भांडण चालू आहे. पण रेडिओ म्हटलं की त्यात गाणं आलंच, त्यामुळे ट्रॅकवरच्या दहा-बारा एलिट खेळाडूंसाठी केलेला नियम आपोआप रस्त्यावरच्या तीस हजार लोकांनाही लागू झाला, निदान कागदावर. बरीच वर्षं त्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही.

बघायला लावलं ते आयपॉडने. ऑक्टोबर २००१ मध्ये पहिला आला, जानेवारी २००५ मध्ये त्याचाच छोटा अवतार, शफल, आला, च्युइंगगमच्या पाकिटाएवढा आणि २२ ग्रॅमचा, आणि २००६ मध्ये तर नायकेसोबत बुटात सेन्सर टाकून वेग आणि अंतर कानात सांगणारी सोय आली. आता हा गाणं वाजवणारा डबा राहिला का, की कानात बसलेला छोटा कोच झाला? दोन्ही काळज्या पहिल्यांदा एकाच वस्तूत दिसायला लागल्या. २००७ मध्ये यूएसए ट्रॅक अँड फील्ड या अमेरिकन संघटनेने त्यांच्या मान्यतेच्या रेसमध्ये असल्या उपकरणांवर सरळ बंदी घातली आणि कारणं दोन्ही दिली, सुरक्षा पण आणि कोणाला जादा फायदा मिळू नये हे पण. माझ्या मते गोंधळ इथेच पक्का झाला. एका बंदीला दोन कारणं दिली की ज्याला जे कारण पटत नाही तो तेवढंच धरून सगळा नियम मूर्खपणाचा ठरवतो.

आणि अंमलबजावणी करणार कोण? तीस-चाळीस हजारांच्या गर्दीत टोप्या, केस, हूडी यांच्याखाली कोणाच्या कानात काय आहे हे कोण बघत बसणार. आयोजकांची पण पंचाईत होती, मान्यता हवी, इन्शुरन्स हवा, आणि एंट्री फी भरणारी जनता मात्र गाणी लावूनच येणार. शेवटी दोन वर्षांच्या आतच, डिसेंबर २००८ मध्ये, संघटनेने नियम सैल केला. हौशी लोकांना परवानगी द्यायची की नाही ते रेस डायरेक्टरने ठरवावं, पण चॅम्पियनशिपमध्ये आणि बक्षिसासाठी पळणाऱ्यांना चालणार नाही. म्हणजे एकाच रेसमध्ये पुढच्यांना एक नियम आणि मागच्यांना दुसरा.

पुढचा कोण आणि मागचा कोण हे मात्र रेस संपल्यावरच कळतं ना. ऑक्टोबर २००९ मध्ये मिलवॉकीच्या लेकफ्रंट मॅरेथॉनमध्ये नेमकं तेच झालं. महिलांमध्ये पहिली आलेली बाद झाली कारण तिने ठरवून दिलेल्या जागेबाहेर मैत्रिणीकडून पाण्याची बाटली घेतली. मग दुसरी आलेली विजेती ठरली, ५०० डॉलर बक्षीस, आणि नंतर इंटरनेटवर फोटो दिसले ज्यात तिच्याकडे आयपॉड होता, साधारण १९ ते २१ मैलाच्या मधे तिने तो वापरला होता, झालं, ती पण बाद. शेवटी तिसरी आलेली बाई विजेती. ती आयपॉडवाली काही व्यावसायिक धावपटू नव्हती, आपल्यासारखीच कंटाळवाण्या टप्प्यात गाणी लावणारी, पण त्या दिवशी चांगली पळाली आणि न कळत ‘पुढच्यांच्या’ नियमात जाऊन पडली. मला अजूनही हा निकाल नियमाने बरोबर आणि तरीही चमत्कारिक वाटतो.

बरं, फायदा खरंच होतो का? लंडनच्या ब्रुनेल युनिव्हर्सिटीतले कोस्टास कारागेऑर्गिस यांनी यावर सगळ्यात जास्त काम केलंय. २००९ च्या त्यांच्या टीमच्या एका प्रयोगात ट्रेडमिलवर तालाला पाऊल जुळवून चालणारे लोक संगीताशिवाय चालणाऱ्यांपेक्षा १५ टक्के जास्त टिकले. पण पुढचा भाग लोक सांगत नाहीत. हळू किंवा मध्यम वेगात गाणं दमल्याचा विसर पाडतं, जीव तोडून पळताना मात्र शरीराचीच बोंब एवढी मोठी असते की गाण्याकडे लक्ष जात नाही. मग बघा, ज्यांच्या मनोरंजनाने कोणाचं काही बिघडत नाही त्या मागच्यांना फायदा जास्त, आणि ज्यांच्यासाठी बंदी आहे त्या पुढच्यांना कमी.

अर्थात तालाची गोष्ट वेगळी, तिथे एलिटला पण फायदा होऊ शकतो. इथिओपियाच्या हैले गेब्रसेलासीने फेब्रुवारी १९९८ मध्ये बर्मिंगहॅमला इनडोअर २००० मीटरचा विश्वविक्रम ४:५२.८६ मध्ये केला तेव्हा स्टेडियमच्या स्पीकरवर त्याच्या आवडीचं पॉप गाणं मुद्दाम लावलं होतं, त्याच्या पावलांना ते बरोबर बसायचं. नियम मोडला का? नाही, कारण स्पीकर सगळ्यांसाठी होता. म्हणजे १९११ च्या बँडवालाच न्याय, मग भले ते गाणं एकाच्याच पावलांना जुळत असो. आता तर ट्रॅकच्या कडेने पळणारे दिवे वेग दाखवतात, २०२० मध्ये मोनॅकोला जोशुआ चेप्टेगेईने ५००० मीटर १२:३५.३६ मध्ये मारले ते असल्याच दिव्यांसोबत. डोळ्याला ताल दिलेला चालतो, स्पीकरवरून दिलेला चालतो, फक्त एकट्याच्या कानात नको, असं आहे ते.

१९९८ मध्येच सॅन डिएगोला रॉक अँड रोल मॅरेथॉन सुरू झाली, रस्त्यात ठिकठिकाणी लाइव्ह बँड, आणि लंडनला २००८ मध्ये रन टू द बीट नावाची हाफ मॅरेथॉन आली, तिला सल्ला कारागेऑर्गिस यांचाच. त्या स्पीकरपुढून जाताना मार्शल, म्हणजे रस्त्यात उभा राहून वाट दाखवणारा, काय ओरडतोय ते कोणालाच ऐकू येत नसणार, ही तक्रार मात्र मी कधी ऐकली नाही.

फायद्याचा वाद असा हळूहळू थंडावला आणि सुरक्षेचा उरला. २०१२ मध्ये इंज्युरी प्रिव्हेन्शन या जर्नलमध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला, २००४ ते २०११ मधल्या बातम्यांतून हेडफोन लावलेल्या पादचाऱ्यांचे ११६ अपघात गोळा केलेले, त्यात ७० टक्के मृत्यू आणि निम्म्याहून जास्त अपघात रेल्वेचे. हेडफोनमुळेच झालं असं बातम्यांवरून सिद्ध होत नाही आणि हे आकडे पादचाऱ्यांचे आहेत, रेसचे नाहीत, बंद केलेल्या रस्त्यावर ट्रेन कुठून येणार. पण सगळे रस्ते बंद असतात कुठे, अर्ध्या रेसमध्ये शेजारून गाड्या जातच असतात, शिवाय मागून व्हीलचेअरवाले, ॲम्ब्युलन्स. ट्रायथलॉनवाल्यांनी तर भानगडच ठेवली नाही, सायकल असो की पळणं, हेडफोन पूर्ण बंद.

ब्रिटिश ॲथलेटिक्सने २०१६ पासून मला सगळ्यात समजूतदार वाटणारी विभागणी केली. फायद्याचं नाव न काढता रस्ता बघितला. पूर्ण बंद नसलेल्या, वाहतूक चालू असलेल्या रस्त्यावर रेस असेल तर कानात घालायचे हेडफोन नाहीत. पण बोन कंडक्शनवाले चालतील, म्हणजे गालाच्या हाडावर टेकवून कंपनं आत पाठवणारे, ज्यात कानाचं भोक उघडं राहतं. त्या काळी आफ्टरशॉक्झ म्हणून विकले जाणारे हेडफोन यामुळेच तिथल्या धावणाऱ्यांत पसरले.

एवढ्यावर मिटलं असतं, पण ऑक्टोबर २०१९ मध्ये ॲपलचे बिनवायरचे इयरफोन, एअरपॉड्स प्रो, आले आणि त्यात ट्रान्सपरन्सी मोड, दाबलं की बाहेरचा आवाज माइकमधून आत. म्हणजे १९७९ चं ते नारिंगी बटणच, चाळीस वर्षांनी परत आलेलं. पळणारा म्हणतो मला सगळं ऐकू येतं, माझे का काढायला लावता, आणि तो खोटं बोलत नाही. पण वळणावर उभ्या असलेल्या मार्शलला फक्त कानातला पांढरा बोळा दिसतो, त्यात मोड कुठला चालू आहे, गाणं चालू आहे की कोच बोलतोय की बॅटरीच संपलीय, हे त्याला बाहेरून कळायचा काही मार्ग नाही, म्हणून नियमवाले अजूनही कोण काय ऐकतंय ते विचारत नाहीत, वस्तू कानाच्या आत आहे की बाहेर एवढंच बघतात.