रात्रदर्शक दुर्बीण, डिजिटल (एअर रायफलसाठी)

अंधारात नेम धरता यावा म्हणून एअर रायफलवर बसवायची दुर्बीण. हिच्यात डोळा भिंगातून थेट पाहत नाही. पुढच्या भिंगाने गोळा केलेला प्रकाश संवेदकावर (सेन्सरवर) पडतो आणि त्याचे चित्र मागच्या इवल्याशा पडद्यावर उमटते. नेमाची फुलीही काचेवर कोरलेली नसते, ती त्याच पडद्यावर काढलेली असते. सोलापूर जिल्ह्यात अशा दुर्बिणीला खरे काम आहे ते ज्वारीची कोठारे, कडब्याच्या गंजी (बणीम), गोठे आणि शेतातल्या वस्त्यांवर रात्री हिंडणाऱ्या उंदीर-घुशींच्या बंदोबस्ताचे. जाहिरातीत दुर्बीण किती लांबचे दाखवते याचा आकडा सर्वांत ठळक छापलेला असतो. या कामासाठी निवड करताना नेमका तोच आकडा बाजूला ठेवावा लागतो.

रात्रीचे दिसते कसे

संवेदक सिलिकॉनचा असतो. माणसाच्या डोळ्याला साधारण ७०० नॅनोमीटरपुढचा प्रकाश जवळजवळ दिसत नाही. सिलिकॉनला सुमारे ११०० नॅनोमीटरपर्यंतचा जाणवतो. या मधल्या पट्ट्यातला अवरक्त प्रकाश टाकणारा दिवा दुर्बिणीवर बसवलेला असतो. टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबले, तर बहुतेक मोबाइलवर त्याच्या टोकाशी जांभळट ठिपका दिसतो. रात्रदर्शक दुर्बिणीचे तत्त्व एवढेच आहे. दिवसा रंग बिघडू नयेत म्हणून संवेदकापुढे अवरक्त प्रकाश अडवणारी काच असते आणि रात्री ती बाजूला सरकते. तेव्हा होणारा बारीक ‘टक्’ आवाज म्हणजे बिघाड नव्हे.

दिवे मुख्यतः दोन तरंगलांबींचे मिळतात. ८५० नॅनोमीटरचा दिवा संवेदकाला चांगला जाणवतो, पण त्याच्या तोंडाशी मंद लाल ठिणगी दिसते. ९४० नॅनोमीटरचा डोळ्याला दिसत नाही. मात्र सिलिकॉन तिथे मंदावत असल्याने चित्र अंधूक येते आणि पल्ला घटतो. उघड्या शिवारात ८५० चा दिवा सोयीचा. कोठारात घूस दहा-पंधरा मीटरवर असते आणि पल्ल्याची गरजच नसते, तिथे ९४० चा पुरतो. त्यातही गोळ्या झाडून बिथरलेल्या घुशी असतील तर तोच बरा. दिव्याचा झोत रुंद-अरुंद करता येणे आणि तेज पायरीपायरीने कमी करता येणे या दोन सोयी मात्र हव्यातच. जवळची भिंत, पोत्यांची थप्पी किंवा कडब्याची पेंढी पूर्ण तेजाचा झोत परत फेकते, चित्र पांढरेफटक होते आणि घूस त्या पांढऱ्यात हरवते. उन्हाळ्यातली धूळ, उसाच्या फडाकडेचे हिवाळी धुके आणि पावसाच्या तोंडाशी उडणारे पंखाचे किडेही तसेच चमकतात.

पल्ला छऱ्याचा, दुर्बिणीचा नव्हे

शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटर (.१७७ इंच) व्यासापर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, त्यापलीकडे लागतो. ०.५४ ग्रॅमचा छरा सेकंदाला २४० मीटर वेगाने सुटला तर त्याची ऊर्जा साडेपंधरा ज्यूलच्या आसपास भरते आणि हलका असल्याने तो हवेत भराभर मंदावतो. मोठी घूस किलोभरापर्यंत भरू शकते. तिला जागीच मारायचे तर छरा डोक्यातच बसायला हवा, आणि एवढ्या ताकदीत ते खात्रीने साधते ते वीस-पंचवीस मीटरच्या आत. पोटात छरा घेऊन बिळात मरायला जाणारी घूस हा बंदोबस्त नव्हे. ती क्रूरता आहे, आणि वर आठवडाभर खोलीला दुर्गंधी. मग चारशे मीटरवरचे रानडुक्कर दाखवणारी दुर्बीण घेऊन उपयोग काय?

म्हणून पहिली चौकशी ‘कमीत कमी किती अंतरावर फोकस होते’ ही करावी. मोठ्या रायफलींसाठी बनवलेल्या कित्येक दुर्बिणी जवळचे दृश्य धूसर दाखवतात. कोठाराच्या या टोकाहून त्या टोकापर्यंतचे अंतरच कधी आठ-दहा मीटर असते. फोकसची कडी पुढच्या भिंगावर असेल आणि आठ मीटरवरचा ज्वारीचा दाणा सुटा दिसत असेल, तर ती दुर्बीण या कामाची.

दुसरी गोष्ट मूळ वर्धनाची, म्हणजे भिंग दृश्य किती पट मोठे दाखवते याची. वर्धन वाढले की दृष्टिक्षेत्र अरुंद होते. ६ अंशांचे दृष्टिक्षेत्र असेल तर वीस मीटरवर जेमतेम दोन मीटर रुंदीची पट्टी दिसते. १० अंशांत साडेतीन मीटर दिसतात. पळत्या उंदराला शोधायला दुसरी चांगली. मूळ वर्धन तीन-चार पटींचे असले की भागते. त्यावरचा ‘डिजिटल झूम’ नवे काही दाखवत नाही, आहेत तेच ठिपके फुगवतो. पडद्याचे ठिपकेही संवेदकाइतकेच महत्त्वाचे. संवेदकावर आडवे १९२० ठिपके असले आणि मागच्या पडद्यावर १०२४ च असले, तर डोळ्याला १०२४ च मिळतात. विक्रेते पहिला आकडा सांगतात आणि दुसरा विचारल्याशिवाय सांगत नाहीत. चित्र सेकंदाला किती वेळा बदलते हेही विचारावे. पंचवीस-तीस वेळा बदलणाऱ्या पडद्यावर पळता उंदीर तुटक दिसतो, पन्नास वेळांच्या पडद्यावर हालचाल सलग वाटते.

बसवणे आणि निशाण जुळवणे

आपल्याकडच्या बहुतेक एअर रायफलींच्या पाठीवर ११ मिलिमीटरची खाच असते, तर डिजिटल दुर्बिणी बव्हंशी रुंद, आडव्या खाचांच्या ‘पिकॅटिनी’ पट्टीवर बसतात. जोडपट्टी घातली की दुर्बीण आणखी वर चढते, आणि इथेच जवळचे नेम चुकतात. वरच्याच छऱ्याचे उदाहरण घेऊ. दुर्बीण नळीच्या सहा सेंटीमीटर वर असेल आणि निशाण पंचवीस मीटरला जुळवले असेल (म्हणजे त्या अंतरावर छरा नेमका फुलीवर लागत असेल), तर दहा मीटरवर छरा फुलीच्या सुमारे दोन सेंटीमीटर खाली लागतो. दुर्बीण चार सेंटीमीटर उंचीवर असेल तर हा फरक एका सेंटीमीटरवर येतो. उंदराच्या डोक्याच्या मानाने दोन सेंटीमीटर म्हणजे साफ चूक. त्यामुळे शक्य तितकी बुटकी बैठक घ्यावी आणि वेगवेगळ्या अंतरांची निशाणे साठवून ठेवता येतील अशी दुर्बीण पाहावी: एक दहा मीटरचे, एक वीसचे. ही सोय डिजिटल दुर्बिणीत पुष्कळदा मिळते आणि काचेच्या दुर्बिणीपेक्षा ती सरस ठरते ती इथे. निशाण जुळवणेही सोपे. एक छरा झाडायचा, चित्र गोठवायचे आणि फुली छिद्रावर नेऊन ठेवायची. अर्थात एका छऱ्यावर विसंबू नये. पाच छऱ्यांचा घोळका पाहून मगच फुली हलवावी.

नळी मोडून भरायच्या स्प्रिंगच्या रायफलीचा झटका विचित्र असतो. दट्ट्या पुढे धावताना रायफल मागे ढकलली जाते आणि दट्ट्या टोकाला आदळताच पुढे हिसकते. बारुदाच्या बंदुकीसाठी बनवलेली मजबूत दुर्बीणही या उलट्या हिसक्याने खिळखिळी होते. संवेदकाची पट्टी किंवा भिंगाची बैठक सरकते. म्हणून ‘स्प्रिंगच्या एअर रायफलीला चालते’ असे निर्मात्याने लेखी सांगितले आहे का ते पाहावे आणि बैठक मागे सरकू नये म्हणून अडणीची खुंटी असलेली पकड घ्यावी. हवा आधीच भरून ठेवलेल्या पीसीपी रायफलीत ही अडचण जवळपास नसते.

जवळ चांगली साधी दुर्बीण असेल तर तिच्या मागच्या टोकाला लावायचे डिजिटल जोडउपकरण हा स्वस्त मार्ग आहे. पण त्याने डोळा काही सेंटीमीटर मागे जातो, गाल कुंद्यावर नीट टेकत नाही आणि नेम डुलतो. बॅटरी १८६५० जातीची असेल तर ती सहज मिळते. दिवा चालू ठेवल्यावर ती किती टिकते हे विचारावे. सोलापूरच्या चाळिशी ओलांडणाऱ्या मे महिन्यात दुर्बीण गाडीत ठेवून जाऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

इतर प्रकारांशी तुलना

रात्री पाहण्याची साधने दुसऱ्या महायुद्धात बंदुकीवर आली. तेव्हाही ती अवरक्त दिव्यावरच चालत. नंतर चांदण्यांचा प्रकाश हजारो पटींनी वाढवणाऱ्या नळीच्या दुर्बिणी निघाल्या. त्या महाग असतात आणि दिवसाच्या उजेडाने त्यांची नळी खराब होऊ शकते. डिजिटल दुर्बीण दिवसाही वापरता येते.

उष्णता पाहणारी थर्मल दुर्बीण लपलेली घूस पटकन शोधून देते, यात वाद नाही. पण दिवसभर तापलेले काळे दगड आणि पत्रे सोलापुरात रात्री उशिरापर्यंत ऊब धरून असतात आणि त्या पार्श्वभूमीवर प्राण्याची ऊब फिकी पडते. शिवाय थर्मलमध्ये प्राणी म्हणजे एक पांढरा आकार. तो कोणता प्राणी आहे, हे डिजिटल चित्रात जास्त नीट कळते.

ओळख आणि कायदा

अवरक्त प्रकाशात रंग नसतात, डोळे सगळ्यांचेच पांढरे चमकतात. घूस समजून मांजर मारले, असे होणे अशक्य नाही. नुसत्या डोळ्यांवर नेम धरू नये. शेपूट, कान आणि चाल दिसेपर्यंत थांबावे. लांब सोंडेसारख्या नाकाची, भिंतीच्या कडेने चिक्-चिक् करत जाणारी चिचुंद्री प्रामुख्याने किडे खाते, तिला सोडून द्यावे. गव्हाणी घुबड तर उंदरांचा बंदोबस्त फुकट करणारा पक्षी.

जिल्ह्याच्या माळरानावर याचे गांभीर्य वाढते. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ साली घोषित झाले. ते एकसंध जंगल नाही. त्याचे तुटक पट्टे शेतांच्या मधे पसरलेले आहेत. लांडगा, काळवीट, खोकड आणि ससा रात्री शिवारात येतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली ते संरक्षित आहेत. पूर्वी उंदीर या कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत उपद्रवी म्हणून नोंदलेले होते. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूची गेली, तरी उंदीर संरक्षित यादीत आलेला नाही. परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरण्यास कलम ३१ ने मनाई आहे आणि कायद्यातली शस्त्राची व्याख्या इतकी व्यापक आहे की छऱ्याची बंदूक तीत सहज बसते. रात्रदर्शक दुर्बीण लावलेली रायफल घेऊन माळावर सापडलेल्या माणसाला ‘मी उंदीर मारायला आलो होतो’ हे पटवून देणे अवघड जाईल. रायफल कोठार आणि अंगणापुरतीच ठेवावी.

वापरातील धोके

दुर्बीण झोताच्या आतलेच दाखवते, त्यापलीकडे काळोख. इकडे कृषिपंपांना रात्रपाळीची वीज असली की शेतकरी मध्यरात्री पाणी धरायला बांधावर असतो, आणि हंगामात फडाशेजारी ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडलेल्या असतात. छरा शेकडो मीटर जाऊ शकतो. त्यामुळे मागे मातीचा बांध किंवा भरलेली पोती असतील तेव्हाच चाप ओढावा. काळ्या दगडावरून किंवा सिमेंटच्या जमिनीवरून छरा उलटतो, म्हणून संरक्षक चष्मा हवा. नुसती पाहणी करायला रायफल वापरू नये. त्यासाठी हातातली वेगळी दुर्बीण किंवा विजेरी घ्यावी.

घुशींची पैदास रायफलीने आटोक्यात येत नाही. घुशीची मादी जेमतेम तीन आठवड्यांत विते आणि एका वेतात अनेक पिल्ले होतात. कोठाराची भोके बुजवणे, बिळे खणणे, पिंजरे लावणे आणि झिंक फॉस्फाइड किंवा ब्रोमॅडिओलोनची आमिषे ठेवणे हे मुख्य उपाय. जिथे धान्य, जनावरे किंवा लहान मुले असल्याने विष ठेवता येत नाही, आणि पिंजऱ्याला सरावलेली चार-दोन धूर्त घुशी उरल्या आहेत, तिथे रायफल कामी येते. छरे बहुधा शिशाचे असतात. म्हणून मालदांडीच्या उघड्या राशीवर बसलेल्या उंदरावर ते झाडू नयेत. रास झाकावी, किंवा उंदीर भिंतीकडे जाईपर्यंत वाट पाहावी.