ड्रॉप फ्रेममध्ये एकही फ्रेम गळत नाही

ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत एडिटिंग करणाऱ्यांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘ड्रॉप फ्रेम लावू नकोस, फ्रेम्स उडतात.’ ड्रॉप फ्रेम ही टाइमकोड, म्हणजे व्हिडिओतल्या प्रत्येक फ्रेमला दिलेला तास:मिनिटं:सेकंद;फ्रेम असा क्रमांक, मोजायची एक पद्धत. त्यात फ्रेम्स उडतात हे चूक आहे. उडतात ते फक्त आकडे. चित्र जसंच्या तसं राहतं.

ही पद्धत सेकंदाला २९.९७ फ्रेम्सच्या व्हिडिओसाठी. २९.९७ म्हणजे नेमकं ३०००० भागिले १००१. या वेगाने तासाला सुमारे १,०७,८९२ फ्रेम्स होतात. टाइमकोड मात्र सेकंदाला ३० मोजतो, म्हणजे तासाला १,०८,०००. फरक १०८ फ्रेम्सचा, सुमारे ३.६ सेकंदांचा. तो भरून काढायला दर मिनिटाच्या सुरुवातीला ०० आणि ०१ हे दोन क्रमांक वगळतात. दर दहाव्या मिनिटाला मात्र नाही. तासाला ५४ मिनिटं गुणिले २, बरोब्बर १०८! ००:००:५९;२९ नंतर थेट ००:०१:००;०२ येतं. शून्यापासून मोजलं तर या फ्रेम्स १७९९ आणि १८००, लागोपाठच्याच.

म्हणून टाइमकोडवरून फ्रेम्स काढताना आधी ३० ने गुणून एकूण काढा, मग वगळलेले क्रमांक वजा करा. हे विसरलात तर तासाभराच्या कामात सबटायटल साडेतीन सेकंद सरकतात, आणि दोष बिचाऱ्या भाषांतरकाराच्या माथी येतो.

आपल्याकडच्या २५ फ्रेम्सच्या कामात हा प्रश्नच नाही, तिथे सरळ २५ ने गुणा.