माझदा (जपानी मोटार कंपनी)

माझदा ही जपानमधल्या हिरोशिमाची मोटार कंपनी. हेड ऑफिस आणि मुख्य कारखाना फुचू नावाच्या गावात आहे, ज्याला हिरोशिमा शहराने चारी बाजूंनी वेढलंय. टोयोटा, होंडा, सुझुकी आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहिती, पण माझदाने भारतात स्वतःची कार कधी विकलीच नाही, त्यामुळे इथे हे नाव काढलं की लोकांना एकतर काहीच आठवत नाही नाहीतर मिनीबस आठवते (तो किस्सा खाली येतोय). जगभरात वर्षाला बारा-तेरा लाख गाड्या विकणारी कंपनी म्हणजे टोयोटापुढे लिंबूटिंबूच, पण इंजिनाच्या बाबतीत इतरांनी सोडून दिलेल्या वाटेवर हट्टाने चालत राहायचं ही तिची सवय, आणि मालक लोक माझदावर जीव टाकतात ते ह्यामुळे आणि वैतागतात तेही बऱ्याचदा ह्यामुळेच.

सुरुवात

३० जानेवारी १९२० ला कंपनी सुरू झाली तेव्हा तिचा गाड्यांशी काडीचाही संबंध नव्हता. नाव होतं तोयो कॉर्क कोग्यो आणि धंदा बुचाचा. पहिल्या महायुद्धात बाहेरून येणारं बूच मिळेनासं झालं म्हणून तिथल्याच झाडाच्या सालीपासून पर्यायी बूच बनवायचं, असा तो उद्योग. पुढच्याच वर्षी जुजिरो मात्सुदा अध्यक्ष झाले. हा माणूस पोरवयात लोहाराकडे काम शिकलेला, यंत्रांचा नाद असलेला, त्यामुळे बुचात दम नाही म्हटल्यावर त्यांनी कंपनी मशीन टूल्सकडे वळवली, १९२७ ला नावातलं कॉर्क काढून टाकलं आणि १९३१ ला तीनचाकी मालवाहू गाडी आणली, माझदा-गो. पुढून मोटारसायकल, मागून हौदा, असा तो प्रकार. माझदा हे नाव अहुर मझ्दावरून, म्हणजे आपल्या मुंबईच्या पारशांचा जो देव तोच, शिवाय मात्सुदा आडनावाशीही जुळतं. पण कंपनीचं अधिकृत नाव माझदा व्हायला १९८४ साल उजाडलं, तोवर ती तोयो कोग्योच होती.

६ ऑगस्ट १९४५ ला शहरावर अणुबॉम्ब पडला. योगायोग बघा, तो जुजिरोंचा सत्तरावा वाढदिवस. ते वाचले. कारखाना स्फोटाच्या जागेपासून पाचेक किलोमीटरवर आणि मध्ये हिजियामा नावाची टेकडी, त्यामुळे इमारती बऱ्यापैकी उभ्या राहिल्या, पण कामगार आणि त्यांच्या घरची माणसं शहरात होती, तिथे काय झालं ते सांगायला नको. प्रांताचं सरकारी ऑफिसच उरलं नव्हतं म्हणून ते काही महिने ह्या कारखान्यात भरत होतं. आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तीनचाकीचं उत्पादन परत सुरू झालं. हिरोशिमात माझदाबद्दल जी आपुलकी आहे ती तिथून आहे. शहराची बेसबॉल टीमसुद्धा हिरोशिमा तोयो कार्प, त्यातलं तोयो म्हणजे हीच कंपनी.

पहिली प्रवासी कार १९६० ला आली, आर३६० कूपे, ३५६ सीसीचं इंजिन, किंमत ३ लाख येन, चिमुकली गाडी पण तुफान चालली.

रोटरी इंजिन

माझदाची सगळी कीर्ती आणि निम्मी दुखणी ह्या एका इंजिनात आहेत म्हणून जरा सविस्तर.

नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतो. रोटरीत पिस्टनच नाही. शेंगदाण्याच्या शेंगेसारखी कमरेत दबलेली एक पोकळी असते आणि तिच्यात फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो, त्याला रोटर म्हणायचं. रोटर फिरताना त्याच्या तीन बाजूंना तीन कप्पे तयार होतात, ते लहान-मोठे होत राहतात आणि हवा-पेट्रोल ओढणं, दाबणं, पेटवणं, धूर बाहेर टाकणं ही सगळी कामं फिरता फिरताच होतात. व्हॉल्व्ह नाहीत, भाग कमी, वजन कमी, इंजिन मोटरसारखं गुळगुळीत फिरतं. कल्पना जर्मन इंजिनिअर फेलिक्स वँकेल यांची, आणि त्यावर काम एनएसयू कंपनीत झालेलं.

त्या काळात जपानी सरकारला छोट्या मोटार कंपन्या मोठ्यांमध्ये विलीन करायच्या होत्या. तेव्हाचे अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदा यांनी हिशोब केला की आपल्याकडे दुसऱ्या कुणाकडे नाही असं काहीतरी असलं तरच आपण टिकू, आणि १९६१ ला एनएसयूशी करार केला. पैसे मोजून जे हातात आलं ते मात्र अर्धंकच्चं होतं. रोटरच्या तिन्ही टोकांना एकेक सील (कप्प्यातली हवा निसटू न देणारी पट्टी) असते, ती पोकळीच्या भिंतीला घासत फिरते, आणि ती थरथरल्यामुळे क्रोम चढवलेल्या भिंतीवर एकामागोमाग एक आडवे ओरखडे पडायचे. इंजिनिअरांनी त्या ओरखड्यांना नाव दिलं सैतानाच्या नखांचे वळ. शिवाय तेल जळून पांढरा धूर, तो वेगळाच. १९६३ ला केनिची यामामोतो यांच्या हाताखाली रोटरीचा खास विभाग उघडला, त्यात ४७ जण, म्हणून जपानच्या इतिहासातल्या सत्तेचाळीस रोनिनांचं (धनी गमावलेल्या सामुराईंचं) नाव त्यांना चिकटलं. कसल्या कसल्या धातूंच्या आणि पदार्थांच्या सील करून बघितल्या, शेवटी कार्बनमध्ये अ‍ॅल्युमिनियम मुरवलेली सील टिकली आणि मे १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली, ४९१ सीसीचे दोन रोटर, ११० अश्वशक्ती. गाडी पुरती हाताने बांधल्यासारखी, हजार-बाराशेच बनल्या, पण नाव झालं.

मग कंपनीने जोशात येऊन रोटरी सरसकट गाड्यांत बसवायला घेतलं, अगदी पिकअपमध्येसुद्धा, आणि १९७३ ला तेलाचं संकट आलं. रोटरी पेट्रोल पिते हे तर सगळ्यांनाच ठाऊक होतं, अमेरिकेत सरकारी मायलेजचे आकडे छापून आल्यावर तिथली विक्री कोसळली. सुमितोमो बँकेने हात दिला म्हणून कंपनी वाचली, आणि कारखान्यातल्या माणसांना चक्क डीलरकडे गाड्या विकायला पाठवलं गेलं. दुसरी कुठलीही कंपनी असती तर तिथेच रोटरीला रामराम ठोकला असता. ह्यांनी १९७८ ला रोटरीचीच स्पोर्ट्सकार काढली, आरएक्स-७. आणि ती हिट झाली!

१९९१ ला फ्रान्समधली ल मांची २४ तासांची शर्यत माझदाच्या ७८७बी ने जिंकली, चार रोटरचं इंजिन, ३६२ लॅप, चालवणारे फोल्कर वायडलर, जॉनी हर्बर्ट आणि बेर्ट्रां गाशो. जपानी कंपनीने ती शर्यत जिंकायची ती पहिलीच वेळ. शेवटच्या टप्प्यात हर्बर्टच्या अंगातलं पाणी इतकं कमी झालं की तो बक्षीस घ्यायला पोडियमवर पोचूच शकला नाही. त्या गाडीचा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना बाकी शर्यतीच्या गाड्या मिक्सर वाटतात, निदान ते तसं म्हणतात.

शेवटची रोटरी स्पोर्ट्सकार आरएक्स-८, ती २०१२ ला बंद पडली. २०२३ ला एमएक्स-३० मध्ये एकाच रोटरचं ८३० सीसीचं इंजिन परत आलं, पण ते चाकं फिरवत नाही, बॅटरी चार्ज करणारा जनरेटर म्हणून बसवलंय.

एमएक्स-५

दोन सीट, उघडं छप्पर, मागची चाकं चालणारी, हलकी आणि फार महाग नाही अशी गाडी पूर्वी इंग्रज बनवायचे, मग त्यांनी सोडून दिलं. बॉब हॉल नावाच्या अमेरिकन मोटार पत्रकाराने १९७९ च्या सुमाराला यामामोतोंकडे तशा गाडीचा विषय काढला, पुढे तो माझदातच नोकरीला लागला, आणि १९८९ ला शिकागोच्या शोमध्ये एमएक्स-५ उभी राहिली (अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात). घोडा आणि स्वार एकच व्हावेत असं एक जपानी तत्त्व आहे, जिनबा इत्ताई, ते ह्या गाडीपासून कंपनीचं ब्रीद झालं. एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी बनली. दोन सीटच्या उघड्या गाड्यांत इतकी दुसरी कुठलीच विकली गेलेली नाही.

फोर्ड, टोयोटा आणि भारत

१९७९ ला फोर्डने माझदाचा जवळजवळ पाव हिस्सा घेतला. मध्ये सुबत्तेच्या काळात माझदाने जपानात एकदम पाच वेगवेगळ्या नावांची दुकानं थाटली, युनोस, ऑटोझॅम वगैरे, आणि तो डोलारा अंगावर कोसळला. १९९६ ला फोर्डचा हिस्सा ३३.४ टक्के झाला, हेन्री वॉलेस अध्यक्ष झाले, मोठ्या जपानी मोटार कंपनीचा पहिला परदेशी अध्यक्ष. २००८ च्या मंदीत फोर्डलाच पैशाची चणचण, त्यांनी हिस्सा विकायला काढला आणि २०१५ पर्यंत पूर्ण बाहेर पडले. २०१७ पासून टोयोटाकडे पाचेक टक्के आहेत आणि अमेरिकेत अलाबामात दोघांचा एकत्र कारखाना आहे.

भारतात माझदा आली ती ट्रक-बसमधून. ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्यांशी हातमिळवणी करून हलके ट्रक बनवायची लाट होती, डीसीएम-टोयोटा, ऑल्विन-निस्सान, आयशर-मित्सुबिशी, आणि त्यातलीच पंजाबची स्वराज माझदा. शाळेची बस, कंपनीची स्टाफबस, वऱ्हाडाची मिनीबस ह्यांच्या तोंडावर हे नाव कित्येक वर्षं दिसायचं. जपानी माझदा त्यातून आधीच बाहेर पडलेली, २०११ ला नावही बदलून एसएमएल इसुझु झालं आणि २०२५ ला ती कंपनी महिंद्राने घेतली. पण गावाकडे अजूनही कुठल्याही मिनीबसला बिनदिक्कत माझदा म्हणणारी माणसं सापडतील.

मालक काय म्हणतात

फोर्ड बाहेर पडत असताना कंपनीने एकटीच्या हिमतीवर स्कायअ‍ॅक्टिव्ह नावाने इंजिन, गिअरबॉक्स, चासी सगळं नव्याने आखलं. बाकीच्या कंपन्या इंजिन लहान करून टर्बो लावत होत्या तेव्हा ह्यांनी इंजिन मोठंच ठेवून पेट्रोलमध्ये १४ ला १ इतकं कॉम्प्रेशन (हवा-पेट्रोल किती पट दाबतात ते) घेतलं (काही देशांत १३). २०१२ ची सीएक्स-५ ही पूर्ण त्यावर बनलेली पहिली गाडी आणि तीच आज कंपनीचं पोट भरते. ऑस्ट्रेलियात तर २०११ आणि २०१२ ला देशातली सगळ्यात जास्त खपलेली कार माझदा ३ होती, त्यामुळे सिडनी-मेलबर्नला असलेल्या मराठी घरांतही ती ओळखीची.

पहिलं कौतुक नेहमी स्टिअरिंगचं. फॅमिलीसाठी घेतली पण वळणावर मजा येते, हे वाक्य तर सीएक्स-५ वाल्यांचं ठरलेलं. दुसरं म्हणजे आतलं काम, ह्या किमतीत इतकं नीटनेटकं दुसरं कुणी देत नाही असं म्हणतात. भरवशाचं म्हणाल तर अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स मासिकाने २०२० च्या यादीत माझदाला टोयोटाच्याही वर, पहिलं ठेवलं होतं. आणि तो लाल रंग, सोल रेड, बघताक्षणी लोक भाळतात, मग हायवेवर खडे उडून बॉनेटवर टवके पडले की टचअपवाला पण हात वर करतो कारण तो थरांवर थर देऊन केलेला रंग जुळता जुळत नाही.

तक्रारी पण ठरलेल्या. मागच्या सीटवर पाय आखडतात, डिकी लहान, रस्त्याचा आवाज आत येतो (नव्या मॉडेलमध्ये हे बरंच कमी झालंय), आणि जुन्या गाड्यांना गंज. कॅनडासारख्या ठिकाणी बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, तिथे पहिल्या माझदा ३ च्या मागच्या चाकावरच्या कमानी खाऊन गेलेल्या सर्रास दिसायच्या. डिझेलवाल्यांचं दुखणं वेगळं, शहरात जवळच्या जवळ फिरवली की धुरातली काजळी अडवणारा फिल्टर साफ होत नाही आणि डिझेल जाऊन इंजिनाच्या ऑइलमध्ये मिसळतं. काही तक्रारी तर सांगून खऱ्या वाटणार नाहीत, माझदा ६ च्या टाकीच्या हवेच्या नळीत एक पिवळा कोळी जाळं करायचा, त्याला म्हणे पेट्रोलचा वास आवडतो, आणि त्यापायी २०११ आणि २०१४ असं दोनदा रिकॉल काढावं लागलं, म्हणजे गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. २०२२ ला सिएटलमध्ये एका रेडिओ स्टेशनने चित्राची फाइल एक्स्टेन्शनशिवाय (नावाच्या शेवटी .jpg वगैरे न लावता) पाठवली तर तिथल्या २०१४ ते २०१७ च्या माझदा त्याच स्टेशनवर अडकून बसल्या, बदलायचीच सोय नाही.

रोटरीवाल्यांची जमात निराळीच. आरएक्स-८ मध्ये सीलच्या वंगणासाठी इंजिन मुद्दाम थोडं थोडं ऑइल जाळतं, त्यामुळे पेट्रोल भरताना डिपस्टिक बघायची सवयच लावून घ्यावी लागते. थंड गाडी नुसती गेटमधून बाहेर काढून लगेच बंद केली तर प्लग पेट्रोलने भिजतात आणि मग ती सुरू होता होत नाही. जुनी घेताना कॉम्प्रेशन टेस्ट केल्याशिवाय व्यवहार करू नका हे प्रत्येक जुना मालक सांगणार, आणि साधा गेज चालत नाही, तिन्ही बाजूंचं प्रेशर वेगवेगळं दाखवणारा रोटरीचा खास टेस्टर लागतो. एवढं सगळं सांगून झाल्यावर तोच मालक नऊ हजार आरपीएमची, म्हणजे मिनिटाला नऊ हजार फेरे घेणाऱ्या इंजिनाची गोष्ट सुरू करतो.

सध्याचा वाद बटणाचा आहे. चालवताना नजर रस्त्यावरून हलू नये म्हणून माझदाने २०१९ च्या माझदा ३ पासून टचस्क्रीनच काढून टाकली होती, सगळं दोन सीटच्या मध्ये असलेल्या गोल बटणाने करायचं. नव्या लोकांनी आधी शिव्या दिल्या आणि मग हाताला सवय झाल्यावर त्यांनाच ते आवडायला लागलं. २०२५ ला दाखवलेल्या नव्या सीएक्स-५ मध्ये उलट झालंय, गोल बटण गेलं, एसीपासून सगळं मोठ्या टचस्क्रीनवर, आणि जुने मालक खवळलेत की आमची गाडी आहे तशीच ठेवतो, नवी घेत नाही.