रांग एक, वर्कर अनेक: मेसेज क्यूची पार्श्वभूमी

गळीत हंगामात निपाणी, चिक्कोडी, अथणी भागातल्या साखर कारखान्यांवर उसाची गाडी दोनदा काट्यावर चढते. आधी भरलेली, मग ऊस उतरवून रिकामी. दोन वजनांतला फरक शेतकऱ्याच्या नावावर पडतो. ही वजनं क्लाउडमधल्या मेसेज क्यूतून, म्हणजे संदेशांच्या रांगेतून, हिशोबाच्या प्रोग्रामकडे जातात असं धरा; प्रत्येक वजन म्हणजे एक संदेश. क्रम उलटला किंवा एकच नोंद दोनदा पडली, तर ऊसबिल चुकलंच.

हा पेच जुना आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतले आग्नर एरलांग यांनी १९०९ मध्ये कॉलच्या गर्दीचं गणित मांडलं, तिथून रांगेचं शास्त्र वाढलं. आयबीएमची एमक्यूसिरीज ही मेसेज क्यूची प्रणाली १९९३ मध्ये आली. संदेश हरवू नये आणि एकदाच पोचावा, हा तिचा आग्रह होता.

ॲमेझॉनने एसक्यूएस (सिंपल क्यू सर्व्हिस) ही क्लाउडमधली क्यू-सेवा २००६ मध्ये रीतसर सुरू केली, तेव्हा वेगळा सौदा केला. संदेशाच्या प्रती अनेक सर्व्हरवर ठेवल्या, त्यामुळे एखादा सर्व्हर बंद पडला तरी संदेश टिकतो आणि शेकडो वर्कर, म्हणजे रांगेतले संदेश उचलून काम करणारे प्रोग्राम, एकाच वेळी काम उचलू शकतात. त्याबदल्यात क्रमाची हमी सोडली, आणि संदेश ‘किमान एकदा’ मिळेल एवढंच कबूल केलं. उचललेला संदेश पुसला जात नाही, तो ठरावीक वेळ इतरांपासून लपतो. आपण बदल केला नाही तर ही वेळ ३० सेकंद असते. काम झाल्यावर वर्करनेच तो काढून टाकायचा. वर्कर मध्येच बंद पडला तर संदेश पुन्हा दिसतो आणि दुसरा तो उचलतो. मला ही रचना फार आवडते, कारण ती बिघाड होणारच असं मानून केलेली आहे. मात्र वर्कर नुसता मंद असला, तरी तेच काम दुसऱ्याच्या हाती जातं. पुण्या-बंगळूरला सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या आपल्या मुलांनी इथे जपावं: पावतीचा नंबर आधी नोंदला आहे का, हे तपासूनच खात्यावर वजन चढवावं.

क्रमाचं उत्तर २०१६ मध्ये एसक्यूएसच्या फिफो (आधी आला तो आधी) क्यूने दिलं. प्रत्येक खेपेला एक गट-क्रमांक दिला, की तिची दोन्ही वजनं क्रमाने येतात आणि बाकीच्या खेपांचं काम समांतर चालू राहतं. काफ्का या दुसऱ्या संदेश-प्रणालीने २०११ पासून पार्टिशनमधून, म्हणजे रांगेच्या वेगवेगळ्या भागांतून, असंच काहीसं साधलं होतं.

वारंवार फसणारे संदेश वेगळ्या रांगेत टाकायची सोय एसक्यूएसमध्ये २०१४ पासून आहे. हंगामात ती रांग रोज माणसाने तपासायला हवी. तिथे अडकलेलं वजन बिलात धरलं जात नाही.